आडनावातले गाव, गावातल्या कबरी

किहीमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, तळकर, राजपूरकर. ही आडनावे ओळीने वाचली की जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून माणसाचा ठावठिकाणा सांगायची कोकणातली रीत बेने इस्रायल या ज्यू समाजाने इतकी आपलीशी केली की त्यांच्या अशा आडनावांची संख्या शंभराच्या वर जाते. पण किहीमचे हे किहीमकर आज किहीमला भेटत नाहीत. त्यांची नातवंडे-पतवंडे अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद, रामला या इस्रायलमधल्या शहरांत राहतात. थोडी मंडळी मुंबई-ठाण्यात आहेत. घरे विकली गेली, ज्यांवर त्यांचे पोट चाले ते तेलाचे घाणे केव्हाच मोडले. आडनावातल्या गावात आता त्यांचे म्हणून राहिले आहे ते गावाबाहेरचे कबरस्तान.

हे पुस्तक त्या कबरस्तानांचे आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात एकेकाळी बेने इस्रायलांची वस्ती नसलेली मोठी गावे थोडी होती. जिथे वस्ती तिथे मृतांसाठी जागा लागणारच. काही ठिकाणी गडगा शाबूत आहे, फाटक आहे, वर्षातून एकदा गवत काढले जाते. काही ठिकाणी घाणेरीच्या जाळीत दगडांचे दोन-चार उंचवटे दिसतात आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय ते काय आहे हे कळत नाही. पुढच्या पानांत दोन्ही प्रकारच्या जागांची नोंद आहे. ही नोंद का करावी लागली आणि ती करताना काय हाती लागले, ते या प्रस्तावनेत सांगतो.

हा समाज कोकणात कधी आला, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. त्यांच्या परंपरेने जपलेली कथा अशी: छळाला कंटाळून मायदेश सोडून निघालेल्या लोकांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका एवढेच वाचले. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते नवगावलाच पुरण्यात आली, पुरुषांची एका ठिकाणी आणि बायकांची दुसऱ्या ठिकाणी. त्या सात जोडप्यांपासून पुढचा समाज वाढला. हाईम शमुवेल किहीमकर यांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. त्यांनी या घटनेचा काळ इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराचा, म्हणजे राजा अँटिओकस एपिफानीसच्या जुलमाचा धरला. त्यांच्या हयातीत ग्रंथ छापला गेला नाही. तो तेल अवीवला १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांनी हाच काळ त्याच्याही मागे नेला आहे किंवा बराच पुढे आणला आहे. कोणी त्यांना येमेनहून आलेले मानतो, कोणी इराणातून. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये पश्चिम आशियातील ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर सापडले आणि त्यांची सरमिसळ साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वी झाली असावी असा अंदाज निघाला. याचा अर्थ गलबताची कथा खोटी ठरली असा मी घेत नाही. कथा सांगते ती समुद्रावरून येण्याची आठवण आणि जनुके सांगतात तो इथल्या मातीत मिसळण्याचा काळ. या दोन घटनांमध्ये किती शतके गेली, हे दोन्हींपैकी कशावरूनही निघत नाही.

कागदपत्रांचा आधार शोधायला गेलो की वाट फार लवकर संपते. सार्टोरियस या मिशनऱ्याने १७३८ मध्ये लिहिलेल्या पत्रात सुरत आणि राजपुरीकडे राहणाऱ्या, स्वतःला बेने इस्रायल म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. कोचीनच्या एझेकिएल राहाबींनी १७६८ मध्ये ॲमस्टरडॅमला धाडलेल्या पत्रात कोकणातल्या या तेल्यांची हकीकत आहे. त्याआधीचे ठाम काही हाताशी नाही. पहिले प्रार्थनामंदिर झाले तेसुद्धा १७९६ मध्ये, मुंबईत. अलिबागचे, रेवदंड्याचे, पनवेलचे, पेणचे प्रार्थनामंदिर ही सगळी एकोणिसाव्या शतकातली बांधकामे. म्हणजे १७३८च्या आधी कागद नाही आणि १७९६च्या आधी इमारत नाही. पोथी त्यांच्यापाशी नव्हती. शमा ही एक प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा हा नेम, आणि मराठी नावांनी पाळलेले सणवार एवढ्यावर त्यांनी आपला धर्म टिकवला. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा उपास त्यांच्या घरात बिरड्याचा रोजा म्हणून पाळला जाई आणि तो सुटताना पानात वालाचे बिरडे वाढले जाई. अशा समाजाने जमिनीवर उमटवलेली सर्वांत जुनी खूण कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे: त्यांच्या कबरी. माझ्या मते या कबरस्तानांकडे पाहण्याची सुरुवात इथून करायला हवी. ती समाजाच्या इतिहासाची पुरवणी नाहीत. १७३८च्या आधीचा जो इतिहास आहे त्याचा जमिनीवरचा पुरावा जवळपास तेवढाच आहे.

आणि याच कारणाने मला अक्षरे नसलेल्या कबरींची काळजी अधिक वाटते. कबरस्तानात पाऊल टाकताच डोळे लेख असलेल्या दगडांकडे धावतात. संगमरवरी पाटी, त्यावर षटकोनी तारा, हिब्रू ओळी, खाली बाळबोध मराठी. छायाचित्रे त्यांचीच निघतात. पाहुणे तिथेच थांबतात. पण हे लेख बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे आहेत. समाज लिहिता-वाचता झाला, मुंबईत नोकरीला लागला, हिब्रू शिकला, तेव्हाचे. मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले ते १८३२ मध्ये. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली ती १८४६ मध्ये. त्याआधी गावातल्या तेल्याच्या कबरीवर अक्षर कोरायला लावणार कोण आणि वाचणार कोण? त्या कबरींवर जांभ्याचे चिरे आहेत, समुद्राकाठच्या गावी वाटोळे काळे दगड आहेत, कुठे नुसता मातीचा उंचवटा आणि उशापायथ्याशी रोवलेला एकेक दगड. अशा जागेचे ‘सुशोभीकरण’ करताना हे दगड पहिल्यांदा उचलले जातात, कारण ते मोकळे पडलेले दिसतात. जेसीबीने जमीन सपाट केली की शतकांची रांग एका दुपारी नाहीशी होते आणि संगमरवरी पाट्या तेवढ्या धुऊन पुसून उभ्या राहतात. म्हणून या नोंदीत प्रत्येक ठिकाणी बिनलेखाच्या कबरींचा आराखडा आधी दिला आहे, लेख नंतर.

नवगावची जागा या सर्वांत मानाची. गलबत फुटून गेलेल्यांना जिथे मूठमाती दिली ते हे ठिकाण, असे समाज पिढ्यान्‌पिढ्या मानत आला आहे. तिथे स्मारकस्तंभ आहे, आवार आखलेले आहे आणि इस्रायलहून मुळे शोधत येणाऱ्यांच्या बसगाड्या तिथे थांबतात. आजूबाजूला नंतरच्या काळातल्याही कबरी आहेत, म्हणजे ही जागा नुसती आठवणीची राहिली नाही, वापरातही राहिली. भेट देणारे सहसा नवगाव, मग खंडाळ्याजवळचा एलियाहू हन्नावीचा खडक आणि अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ प्रार्थनामंदिर पाहून परततात. त्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे पोहे, खोबरे, फळांचा मलिदा होतो. हा त्रिकोण पाहणाऱ्याला समाजाची श्रद्धा कळते. त्यांचा संसार पाहायचा असेल तर मात्र आतल्या गावांतल्या कबरस्तानांत जावे लागते.

तो संसार कसा होता हे आजूबाजूची जुनी माणसे अजून थोडेफार सांगतात. त्यांना गावात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. बाकी पेहराव, भाषा, जेवणखाण शेजाऱ्यांसारखेच. १८८३ मध्ये निघालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद याच रूपात सापडते. माणूस गेला की त्याला जाळायचे नाही, पुरायचे, आणि शक्य तितक्या लवकर. देहाला स्नान घालून पांढऱ्या कापडात गुंडाळायचे. पुरलेला देह पुन्हा हलवायचा नाही, त्या जागेत दुसरे कोणी घालायचे नाही. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. कोकणातल्या बाकीच्या काही दफनभूमींत काही वर्षांनी तीच माती पुन्हा वापरली जाते. ज्यू कबर कायमची असते. त्यामुळे वस्ती लहान असली तरी जागा वाढत जाते आणि पिढ्या एकमेकींना झाकत नाहीत. शेजारी शेजारी झोपलेली माणसे पाहून कोणाच्या घरात कोण केव्हा गेले याची साखळी जुळवता येते. इतिहासाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली मांडणी दुसरी कोणती असणार!

एक दगड जवळून पाहू. गाव सांगत नाही, कारण कबर तशी अलीकडची आहे आणि त्या घरातली माणसे हयात आहेत. चुन्यात बसवलेली संगमरवरी पाटी, वरचा कोपरा तुटलेला. माथ्यावर ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन हिब्रू अक्षरे. जगभरच्या ज्यू कबरींवर ती आढळतात. ‘इथे पुरले आहे’ या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे. खाली नाव, वडिलांचे नाव, मग वर्ष. वर्ष आकड्यांत नाही, अक्षरांत आहे: तव, रेश, सामेख. तव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०, मिळून ६६०. हजारांचा आकडा सोडून लिहायची ही पद्धत आहे, पुरे वर्ष ५६६०. याचा इसवी सन काढायचा तर ६६० मध्ये १२४० मिळवायचे, म्हणजे १९०० येते. पण ज्यू वर्ष आपल्या भाद्रपद-अश्विनाच्या सुमाराला सुरू होते. महिना त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांतला असेल तर सन १८९९ धरायचा. त्याखाली मराठी मजकूर, त्यात शके १८२१. शकात ७८ मिळवले की १८९९, म्हणजे दोन्ही गणिते जुळतात. शेवटी पाच हिब्रू अक्षरे, मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो या अर्थाची. एकाच पाटीवर दोन लिप्या, दोन कालगणना. आणि मराठी ओळीत आई, मातोश्री, चिरंजीव हे शब्द तसेच, जसे ते पलीकडच्या आळीतल्या पत्रिकेत छापले जात.

या पाटीवरची अक्षरे आधी कोरून मग त्यांत शिसे ओतलेले होते. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसात ते सुटत जाते. काही ठिकाणी ते मुद्दाम खरवडून नेलेले दिसते. शिसे गेले की दुपारच्या उन्हात पाटी कोरी वाटते. पण शिसे घट्ट बसावे म्हणून कोरणाऱ्याने खाचेच्या तळाशी बारीक भोके पाडलेली असतात. सकाळी आठ-साडेआठला किंवा सूर्य कलल्यावर बाजूने प्रकाश घेतला, किंवा आरशाने ऊन तिरपे पाडले, की ती भोके ओळीने दिसू लागतात आणि त्यांवरून अक्षराचे वळण कळते. या नोंदीतले अनेक लेख असे वाचलेले आहेत. जिथे अक्षराची खात्री पटली नाही तिथे जागा रिकामी सोडली आहे. अंदाजाने भरलेले नाव पुढे कोणाच्या तरी वंशवृक्षात जाऊन बसते आणि मग ते उपटणे कठीण होते.

नावांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या नोंदींत समाजी, हसाजी, बापूजी अशी नावे येतात. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे एझेकिएल. एकाच माणसाचे नाव घरात एक, फौजेच्या हजेरीपटावर दुसरे आणि कबरीवर तिसऱ्या वळणाने लिहिलेले असू शकते. बायकांची नावे अनेकदा साधी मराठीच. लहान मुलांच्या कबरी आखूड असतात आणि बहुतेकींवर काहीच लिहिलेले नसते. तारखा वाचता येतात तिथे १८९६ नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ डोळ्यांपुढे ठेवून रांगा पाहाव्यात. प्लेगात मुंबई रिकामी होऊन माणसे कोकणात परतली होती. शहरातले मरण गावातल्या मातीत कसे पोहोचले, हे अशा रांगांतून तपासता येईल. हे काम या पुस्तकात पुरे झालेले नाही. त्याचा कच्चा माल मात्र इथे आहे.

गाव सोडायला समाजाने सुरुवात केली ती इस्रायल देश जन्मण्याच्या दीड-दोनशे वर्षे आधी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तरुण मंडळी मुंबईला जाऊन कंपनीच्या पलटणींत भरती होऊ लागली. समाजी हसाजी दिवेकर त्यांतले सर्वांत ठळक नाव. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मांडवीत शाआर हारहमीम हे प्रार्थनामंदिर बांधले. त्यांच्या नावाची सॅम्युअल स्ट्रीट मुंबईत आजही आहे. तोरा या धर्मग्रंथाच्या पोथ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. ज्या माणसाने समाजाला पहिले मंदिर दिले त्याची माती ना त्याच्या गावी पडली, ना मुंबईत. पुढे सरकारी कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या, दवाखाने, शाळा, आणि जंजिरा-औंधसारख्या संस्थानांत कारभारीपद असा विस्तार होत गेला. मुंबईच्या महापौरपदी बसलेले डॉ. मोझेस, चित्रपटांतले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कवी निसीम एझेकिएल ही माणसे याच आडनावांच्या घरांतली. निसीम एझेकिएल तळकरांचे. मुंबईत समाजाची मोठी कबरस्ताने झाली आणि गावातली जागा म्हाताऱ्यांपुरती उरली. सुट्टीत गावी येणे चालू होते, तोवर तिथला गडगाही दुरुस्त होत होता.

१९४८ मध्ये भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. पन्नास-साठच्या दशकांत त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. आज इथे पाच हजारांच्या आत उरले आहेत आणि तिकडे त्यांच्या कित्येक पट. त्यांना इथून कोणी हाकलले नव्हते, हे कोकणी माणूस अभिमानाने सांगतो आणि तेही सांगतात. पण तिकडे पोहोचल्यावर त्यांच्यासमोर वेगळाच प्रश्न उभा राहिला. बेने इस्रायल वर-वधूच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६२च्या सुमारास काढला. शेकडो वर्षे तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना तुमची आजी कोण, पणजी कोण असे विचारले जाऊ लागले. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, प्रश्न संसदेत गेला, आणि १९६४ मध्ये तो आदेश बदलावा लागला. त्या वेळी ज्या पणजीचा पुरावा मागितला जात होता, ती पेणच्या किंवा रोह्याच्या रानात जांभ्याच्या चिऱ्याखाली होती. तिच्या कबरीवर नाव नव्हते आणि असते तरी ते टिपून ठेवलेले कोणाजवळ नव्हते. ही नोंद साठ वर्षे आधी व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

आता तिला आणखी उशीर परवडणार नाही. अलिबाग तालुक्यातल्या जमिनीला जो भाव आला आहे तो सर्वांना माहीत आहे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. झिराड, आवास, सासवणे, किहीम, थळ ही गावे मुंबईकरांच्या बंगल्यांनी भरत आली. वाडी विकली जाते, तिच्या कोपऱ्यातले गुंठे-दोन गुंठे कबरस्तान नव्या कुंपणाच्या आत जाते. कोणी मुद्दाम हडपतोच असे नाही. खरेदीदाराला तिथे दगड दिसतात, विकणाऱ्याला आजोबांचे शब्द आठवत नाहीत, आणि हरकत घ्यायला त्या आडनावाचे माणूस गावात नसते.

इथे सातबारा पाहणे उपयोगी पडते. दफनासाठी वापरात असलेली जमीन सहसा पोटखराबा वर्ग ‘ब’ मध्ये धरली जाते. काही उताऱ्यांवर दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख असतो, काहींवर नुसता पोटखराबा. जिथे उल्लेख आहे तिथे जागा वाचवणे सोपे जाते. जिथे नाही तिथे जुने फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातले मोजणी नकाशे काढावे लागतात. कबरस्तानात घुसून तिथल्या मृतांची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. पण गुन्हा शाबीत व्हायला ते कबरस्तान आहे हे आधी दाखवता आले पाहिजे, आणि ते दाखवणारा कागद तयार करणे हे या पुस्तकाचे एक साधे काम आहे. प्रत्येक नोंदीबरोबर गट क्रमांक दिला आहे तो त्यासाठीच.

तुलनेला सुरत घ्या. तिथे इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या कबरी आहेत. त्यांतला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये गेला, त्याची घुमटी पाहून डोळे दिपतात. त्या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केल्या आहेत आणि ते योग्यच आहे. पण ती माणसे व्यापाराला आली होती. बहुतेकांना परत जायचे होते. बेने इस्रायल इथे राहायला आले, इथली भाषा त्यांची मातृभाषा झाली, पुढे दूर देशी गेल्यावरही त्यांनी तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच्याच पुढचे पाऊल म्हणून या ग्रामीण कबरस्तानांची जिल्हावार अधिकृत यादी व्हावी आणि ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लागावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. घुमट नाहीत म्हणून ती यादीबाहेर राहू नयेत.

आजवर या जागा राखल्या आहेत त्या शेजाऱ्यांनी. आगरी, कोळी, मराठा, मुसलमान, ज्यांचे शेत किंवा वाडी लागून आहे त्यांनी. गुरे आत जाऊ नयेत म्हणून काट्या लावणे, पावसाळ्यानंतर पायवाट मोकळी करणे, परगावाहून कोणी विचारत आले की हातातले काम टाकून दाखवायला जाणे. पगार नाही, पद नाही. ‘आमच्या आजीची मैत्रीण आहे इथे’ एवढे कारण त्यांना पुरते. अनेक बिनलेखाच्या कबरी कोणत्या घराण्याच्या आहेत ते या माणसांनीच सांगितले. ऐकीव माहिती म्हणून ती वेगळ्या रकान्यात दिली आहे. पण वेगळ्या रकान्यात दिली म्हणून तिचे मोल कमी समजू नये. दुसरा कोणताही साक्षीदार त्या दगडांना उरलेला नाही.

आता पुस्तक कसे वापरावे त्याबद्दल. नोंदी तालुक्याप्रमाणे लावल्या आहेत आणि शेवटी आडनावांची सूची आहे, म्हणजे दिमोनात बसलेल्या पेझारकरांना थेट पेझारीचे पान काढता येईल. ज्यांच्या घरी जुनी पत्रे, केतुबा म्हणजे विवाहकरार, फौजेचे दाखले किंवा अंत्यविधीची छायाचित्रे असतील त्यांनी सूचीतल्या आपल्या गावाच्या नोंदीशी ती ताडून पाहावीत. चुका सापडल्या तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतील. प्रत्यक्ष जायचे तर दिवाळीनंतर आणि होळीच्या आत जावे. पावसाळ्यात गवत कमरेइतके असते, साप-विंचवाचे भय असते आणि ओल्या दगडावरचे शेवाळ अक्षरे झाकून टाकते. शनिवारी जाऊ नये. ज्यांच्या वाडीतून वाट जाते त्यांना आधी विचारावे. दगड साफ करायचा तर नुसते पाणी आणि मऊ कुंचला वापरावा; तारेचा ब्रश, ॲसिड, धुण्याची पावडर, अक्षरांत खडू भरणे यांतले काहीही करू नये, संगमरवर त्याने कायमचा खराब होतो. कागद ठेवून पेन्सिल घासण्यापेक्षा तिरप्या प्रकाशातले छायाचित्र घ्यावे. कबरीवर ठेवलेले लहान खडे कोणीतरी येऊन गेल्याची खूण म्हणून ठेवलेले असतात, ते उचलू नयेत. आणि मोकळा पडलेला एखादा चिरा जागेवरून सरकलेला वाटला तरी तो सरळ करायला जाऊ नये. त्याची दिशा, लांबी आणि शेजारच्या कबरीपासूनचे अंतर मोजून लिहून घ्यावे आणि आमच्या आराखड्याशी जुळते का ते पाहावे.